पत्ता ही अमानत

आमच्या मंडळाचे इंटरनेटवरचे नाव हातचे गेले, तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळले की नाव आपले असणे वेगळे आणि त्या नावापुढे नोंदवलेला पत्ता आपला असणे वेगळे.

आम्ही म्हणजे तालुक्याच्या गावातले सात-आठ जण. दोघे शाळेत शिकवणारे, एक एस.टी.तून निवृत्त झालेले, एकाचे घड्याळाचे दुकान. मोहल्ल्यातल्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत महिन्यातून एकदा जमायचे, लिहिलेले वाचून दाखवायचे, चहा घ्यायचा आणि वाद अर्धवट ठेवून घरी जायचे, हा आमचा शिरस्ता. २००८ साली कुणीतरी सुचवले की आपले लिखाण इंटरनेटवर ठेवावे. गल्लीतल्या एका हुशार मुलाने वर्गणीतून जमलेल्या पाच हजारांत सगळे करून दिले. आमचे नाव 'डॉट कॉम' लावून झळकले. मुलाने काम चोख केले. पुढे त्याला दुबईला नोकरी लागली आणि तो गेला. दोन वर्षांनी एके सकाळी पाहतो तो आमच्या कवितांच्या जागी जुगाराच्या जाहिराती.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. नाव नोंदवताना मालकाच्या रकान्यात त्या मुलाने सवयीने स्वतःचे नाव आणि स्वतःचा ईमेल घातला होता. मुदत संपत आल्याच्या सूचना त्या ईमेलवर गेल्या आणि तो ईमेल त्याने केव्हाच सोडून दिला होता. मुदत टळली, सवलतीचे दिवसही टळले, नाव बाजारात गेले आणि कुणीतरी उचलले. नाव विकणाऱ्या कंपनीला आम्ही कळकळीने लिहिले. उत्तर आले, की नोंदीत तुमच्यापैकी कुणाचेच नाव नाही. ज्यांचे आहे त्यांच्याशीच आम्ही बोलू शकतो. कागदोपत्री त्यांचे म्हणणे खरेच होते.

दुसऱ्या वेळी आम्ही शहाणे झालो. नवे नाव घेतले आणि सगळे रकाने स्वतः बसून भरले. मंडळाच्या चिटणीस असलेल्या आपांचे नाव, त्यांच्या घरचा पत्ता, त्यांचा फोन. आठ दिवसांत फोन सुरू झाले. कुणी संकेतस्थळ बनवून देणारा, कुणी कर्ज देणारा. ओळखीपाळखी नसलेल्या एका कंपनीचे पत्र आले, की तुमच्या नावाची मुदत संपत आहे, तिप्पट पैसे भरा. हे सगळे आम्ही हसण्यावारी नेले. मग एका लेखावरून कुणीतरी चिडले. रात्री साडेअकराला आपांच्या घरी फोन वाजला. बोलणाऱ्याने शिवी दिली नाही, धमकी दिली नाही. त्याने फक्त आपांच्या घराचा पत्ता, गल्लीच्या आणि जवळच्या खुणेच्या नावासकट, सावकाश वाचून दाखवला आणि फोन ठेवला. त्या महिन्याच्या बैठकीला आपा आल्या नाहीत. पुढच्याही नाही.

आम्ही तेव्हा तावातावाने म्हणालो, की माणसाचा पत्ता असा चव्हाट्यावर मांडणारी ही व्यवस्थाच मुळात हरामखोर आहे.

तिसरी गोष्ट अलीकडची, २०२२ मधली. शेजारच्या चाचांनी उमराहला जाण्यासाठी एका संकेतस्थळावरून नोंदणी केली. फोटो छान, दर वाजवी, बोलणारा माणूस अदबशीर. चाचांनी पंचेचाळीस हजार आगाऊ भरले. पंधरा दिवसांनी फोन बंद, संकेतस्थळही बंद. चाचा आमच्याकडे आले, कारण आम्हाला 'त्यातले कळते' असा गावात समज आहे. आम्ही त्या नावाची नोंद उघडली. मालकाच्या रकान्यात लिहिले होते, की गोपनीयतेसाठी माहिती झाकलेली आहे. आम्ही पुन्हा तावातावाने म्हणालो, की चोराला पडदा पुरवणारी ही व्यवस्थाच मुळात हरामखोर आहे.

दोन्ही वेळा आमचा राग प्रामाणिक होता, पण दोन्ही वेळचे बोलणे एकमेकांशी जुळत नाही. आपांसाठी आम्हाला वही बंद हवी होती आणि चाचांसाठी उघडी. नोंदवलेल्या नावामागचा पत्ता, फोन, ईमेल यांवर हुकमत कुणाची असावी, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या बैठकीत ठाण मांडून बसला आहे. त्यावर जे बोलणे झाले ते वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

*

ही वही सुरू कशी झाली, ते आधी पाहिले पाहिजे. इंटरनेटचे पूर्वरूप असलेले अर्पानेट अमेरिकेत १९६९ मध्ये सुरू झाले. त्याचे माहिती केंद्र कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत होते आणि एलिझाबेथ फाइनलर या बाई पुढे त्याच्या प्रमुख झाल्या. कोणत्या ठिकाणी कोणते यंत्र आहे, ते कोण सांभाळते, त्याला कुठे गाठायचे, याची यादी हे केंद्र ठेवी. आधी ती छापील पुस्तकाच्या रूपात निघे. मार्च १९८२ मध्ये त्या यादीला यंत्रावरूनच प्रश्न विचारण्याची रीत लेखी ठरली. तिचे नाव 'हूइज', म्हणजे साध्या मराठीत 'कोण आहे?'. जाळ्यातून संदेश पाठवू शकणाऱ्या प्रत्येकाने आपले नाव, टपालाचा पत्ता, फोन आणि संदेशपेटी नोंदवावी, अशी अपेक्षा त्यात होती. तेव्हा डॉट कॉम हे शेपूट जन्मलेही नव्हते. तसले पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले.

त्या काळी या उघडेपणात काही वावगे नव्हते. वहीत नाव असणारे आणि वही उघडणारे एकाच बिरादरीतले होते. यंत्र बिघडले तर रात्री कुणाला उठवायचे, एवढ्यापुरता तिचा उपयोग. वाडीतल्या किराणा दुकानाच्या भिंतीवर वायरमनचा नंबर खडूने लिहून ठेवावा, तसा तो मामला.

पुढे वाडीचे शहर झाले आणि शहराची दुनिया झाली. खडूने लिहिलेला नंबर मात्र भिंतीवर तसाच राहिला. १९९८ मध्ये या नावांचा कारभार पाहण्यासाठी आयकॅन ही ना-नफा संस्था कॅलिफोर्नियात स्थापन झाली. नावे विकणाऱ्या कंपन्यांशी तिने जे करार केले, त्यांत ग्राहकाचे नाव, पत्ता, फोन घेणे आणि ते कुणालाही फुकट पाहू देणे बंधनकारक होते. २००१ च्या करारात तर याहून पुढची गोष्ट होती. सगळी वही घाऊक हवी असेल तर कंपनीने ती द्यायची आणि त्यासाठी वर्षाला जास्तीत जास्त दहा हजार डॉलर घ्यायचे. आपांना कर्जवाल्यांचे फोन का आले, याचा अंदाज यावरून वाचकांना येईल. यंत्राने एकेक पान उघडून अख्खी वही उतरवून घेणारे वेगळेच.

मग कंपन्यांना यातही धंदा दिसला. तुमच्या पत्त्याच्या जागी आमचा पत्ता लावतो, वर्षाला इतके द्या. घराचे छप्पर आधी काढून घ्यायचे आणि पाऊस आला की छत्री भाड्याने द्यायची, असा हा प्रकार. ज्याच्याकडे पैसे आणि माहिती दोन्ही होते तो झाकला गेला. आमच्यासारखे रकाने प्रामाणिकपणे भरणारे उघडे राहिले.

युरोपातल्या खासगी माहितीच्या रखवालदार अधिकाऱ्यांनी २००३ मध्येच याला आक्षेप घेतला होता. यंत्र बिघडल्यावर संपर्क करण्यासाठी घेतलेली माहिती दुसऱ्याच कामासाठी जगापुढे ठेवणे योग्य नाही, असे त्यांचे म्हणणे. ते पंधरा वर्षे कुणी मनावर घेतले नाही. २५ मे २०१८ रोजी युरोपचा माहिती संरक्षणाचा नवा कायदा लागू झाला आणि जबर दंडाची तलवार डोक्यावर आली, तेव्हा मात्र धावपळ उडाली. आयकॅनने जेमतेम आठवडाभर आधी, १७ मे रोजी, तात्पुरता नियम केला आणि बऱ्याच कंपन्यांनी माणसांची नावे-पत्ते झाकून टाकले, ग्राहक युरोपातला असो वा नसो. त्याच दिवसांत आयकॅन एका जर्मन कंपनीविरुद्ध बॉनच्या न्यायालयात गेली होती. मालकाशिवाय कारभारी आणि तंत्रज्ञ यांचीही माहिती कंपनीने घेतली पाहिजे, अशी तिची मागणी होती. न्यायालयाने ती मानली नाही. ज्या माहितीवाचून काम अडत नाही ती घ्यायचीच कशाला, हे त्यामागचे सूत्र आम्हाला फार मोलाचे वाटते. जी गोष्ट घेतलीच नाही ती हरवत नाही, विकता येत नाही आणि रात्री साडेअकराला कुणाला वाचूनही दाखवता येत नाही.

पण झाकण पडले आणि दुसरी तक्रार सुरू झाली. फसवणुकीचा माग काढणारे, नकली मालाविरुद्ध लढणाऱ्या कंपन्या, पोलीस, सगळे म्हणू लागले की आमच्या हातचा कंदील काढून घेतला. चाचा याच लोकांच्या रांगेत, फक्त सर्वांत मागे उभे आहेत.

*

माणसाची नोंद जगापुढे ठेवावी की नाही, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. आपल्या ओळखीची तीन दप्तरे घेऊन पाहू.

पहिले सातबाऱ्याचे. कुणाच्याही जमिनीचा सातबारा कुणालाही पाहता येतो, आता तर घरबसल्या. त्यावर मालकाचे नाव असते, क्षेत्र असते, बोजा असतो. हे उघडे असते, कारण जमीन विकत घेणाऱ्याला, तिच्यावर कर्ज देणाऱ्याला फसवले जाऊ नये. पण सातबाऱ्यावर मालकाचा फोन नंबर नसतो. शेवटच्या बसने तो कुठे उतरतो आणि त्याची मुलगी कोणत्या शाळेत जाते, हे तलाठी लिहून ठेवत नाही. व्यवहाराला लागते तेवढे उघडे आणि बाकीचे झाकलेले, असा विवेक त्या जुन्या कागदात आहे. आणखी एक गोष्ट त्यात आहे. नोंद बदलायची तर फेरफार करावा लागतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकत घेण्याची मुदत मिळते. मालकाला पत्ता लागू न देता नाव बदलले तर त्याला आपण सरळ लबाडी म्हणतो.

इंटरनेटच्या वहीला हा धडा उशिरा मिळाला. गॅरी क्रेमेन नावाच्या अमेरिकी गृहस्थांनी १९९४ मध्ये एक नाव नोंदवले होते. ते या अंकात लिहायला संकोच वाटावा असे आहे, पण खटला जगभर गाजला. १९९५ मध्ये एका भामट्याने खोटे पत्र पाठवले आणि नोंदणी करणाऱ्या कंपनीने मालकाला न विचारता नाव भामट्याच्या नावे करून टाकले. २००० मध्ये न्यायालयाने ते परत मिळवून दिले, २००१ मध्ये साडेसहा कोटी डॉलरची भरपाई ठरवली. भामटा देश सोडून पळाला. २००३ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने सांगितले, की असे नाव ही मालमत्ता आहे आणि ती दुसऱ्याच्या हाती देणारी कंपनी जबाबदार धरली जाऊ शकते. मालकाच्या नोंदीत बदल करायचा तर जुन्या आणि नव्या दोघांचीही संमती लागेल, हा आयकॅनचा नियम मात्र १ डिसेंबर २०१६ ला लागू झाला. तलाठ्याची वही या बाबतीत बरीच पुढे होती म्हणायची.

दुसरे दप्तर आमच्या घरचेच आहे. वाचकांनी हातातला कोणताही अंक उलटून पाहावा. कुठेतरी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे आणि ठिकाण असते. ही प्रथा १८६७ च्या छापखान्याच्या कायद्यातून आली. १८५७ च्या उठावानंतर दहा वर्षांनी इंग्रजांनी तो केला. छापलेल्या शब्दाला कुणीतरी जबाबदार असावे, ही त्यातली रास्त बाजू. सरकारला कुणाचे दार ठोठवायचे ते ठाऊक असावे, ही दुसरी. १८९७ मध्ये आणि १९०८ मध्ये लोकमान्यांवर राजद्रोहाचे खटले झाले, तेव्हा 'केसरी' कुणाचा हे शोधत फिरावे लागले नाही. २०२४ च्या मार्चपासून त्या जुन्या कायद्याची जागा नव्याने घेतली, पण बारीक अक्षरांची ओळ कायम आहे. ही ओळ आम्हाला मान्य आहे. जो लिहितो-छापतो त्याने नाव लावावे. पण तिथे कचेरीचा पत्ता दिला तरी भागते, शिवाय संपादक होणारा माणूस जाणूनबुजून उंबरठ्याबाहेर येतो. दोन कविता ठेवण्यासाठी आठशे रुपयांचे नाव घेणाऱ्या मुलीने तेवढीच छाती काढावी, ही अपेक्षा आम्हाला जुलमी वाटते.

तिसरे दप्तर सर्वांत दुखरे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात लग्नाची नोटीस कचेरीत ठळक जागी तीस दिवस लावण्याची तरतूद आहे. कायदेशीर हरकत असेल त्याने ती घ्यावी, एवढाच हेतू. कचेरीच्या फळ्यावर तो कागद दहा-वीस माणसे पाहत. पण हाच कागद इंटरनेटवर चढला, तेव्हा नाव, फोटो, पत्ता यांसकट तो अशांच्या हाती गेला ज्यांचा त्या लग्नाशी काडीचा संबंध नव्हता. केरळात अशा नोटिसा उचलून जोडप्यांना बदनाम केले गेले आणि २०२० मध्ये तिथल्या सरकारने त्या इंटरनेटवर टाकणे थांबवले. जानेवारी २०२१ मध्ये इलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटले, की जोडप्याची इच्छा नसेल तर नोटीस प्रसिद्ध करू नये. माहिती तीच, कायदा तोच, पण फळा बदलला आणि हरकतीची सोय शिकारीची सोय झाली.

या तिन्हींतून आम्हाला एवढे उमगले, की 'उघडे की बंद' हा प्रश्न असा मोघम विचारण्यात अर्थ नाही. कोणती माहिती, किती, कुणाला, कोणत्या कामासाठी आणि कुणाला कळवून, असे पाच प्रश्न विचारावे लागतात.

*

आता हुकमतीकडे वळू. वहीवर हक्क सांगणारे चार जण आहेत: सरकार, कंपनी, माहिती मागणारा आणि ज्याचा पत्ता आहे तो.

सरकारकडे गुन्हेगार शोधण्याची जबाबदारी आहे, ती नाकारता येणार नाही. पण पुष्कळदा संकेतस्थळावर टीका सरकारवरच असते. ज्याच्यावर टीका होते त्याच्याच हाती टीकाकाराच्या घराची किल्ली द्यावी का? २४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. त्यात मुद्दा हाच होता, की सरकारने आत यायचे तर कायदा हवा, योग्य कारण हवे आणि पाऊल कारणापुरतेच हवे.

कंपनीकडे वही प्रत्यक्षात असते. तिला ती उघडण्यातही फायदा, झाकण्यातही फायदा, हे आपण पाहिले. म्हणून मालकी तिची मानता येणार नाही. इथे आपल्या २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यातला एक शब्द कामाला येतो. माहिती ज्याच्या ताब्यात आहे त्याला तो कायदा 'फिड्युशिअरी' म्हणतो. सरकारी भाषांतरे काहीही होवोत, आमच्या घरात या माणसाला एक जुना शब्द आहे: अमानतदार.

अमानत म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पूर्वी गावातून कुणी हजला निघाला, की बायकोचे दागिने आणि घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून जाई. शेजारी ते दागिने स्वतःच्या पोरीच्या लग्नात घालत नसे. 'दोन दिवसांसाठी द्या' म्हणून कुणी आले तर देत नसे. मालक परत आला, की मोजून हाती देई. पण याच अमानतीला दुसरी बाजूही होती. मालक कुणाचे देणे बुडवून निघून गेला आणि देणेकरी पुराव्यानिशी चार माणसांना घेऊन दारात आला, तर शेजारी 'मला काही ठाऊक नाही' म्हणत नसे. तसे म्हणणे ही अमानत राखणे नव्हते, ती गुन्ह्यात भागीदारी होती. आपांचा पत्ता बाजारात मांडणे ही खयानत आणि चाचांना फसवणाऱ्याचा पत्ता पुरावा पाहूनही दाबून ठेवणे हीसुद्धा खयानत. अमानतदार या एका शब्दात आमचे दोन्ही राग एका जागी बसतात.

राहिला ज्याचा पत्ता आहे तो. आमच्या मते मूळ हक्क त्याचाच, आणि तो तीन गोष्टींवर. आपली कोणती माहिती जगाला दिसावी हे ठरवण्यावर, चुकलेली नोंद दुरुस्त करून घेण्यावर आणि आपली वही कुणी उघडली हे कळण्यावर. पोलिसांच्या तपासात ही शेवटची गोष्ट काही काळ लांबवावी लागेल, कायमची नव्हे. पण त्याला खोटे लिहिण्याचा हक्क नाही. ज्याचे आपण नुकसान केले त्याच्यापासून लपून राहण्याचाही नाही.

आता मागणाऱ्याबद्दल. जुन्या 'कोण आहे?' मधला खरा अन्याय आम्हाला कुठे दिसतो सांगू? तिथे विचारणारा निनावी होता. ज्याच्याबद्दल विचारले तो नाव-गाव-फोनसह उजेडात आणि विचारणारा अंधारात. आपांना शेवटपर्यंत कळले नाही की पत्ता वाचणारा कोण होता. आपल्या घराघरात मुलांना शिकवतात, की कुणाच्या दारी गेलात तर सलाम करा, आत डोळा जाणार नाही असे बाजूला उभे राहा, इजाजत मिळाली तर आत जा, नाहीतर राग न धरता परत फिरा. आणि आतून 'कोण?' असे विचारले तर 'मी' एवढे उत्तर देऊ नका, नाव सांगा. एवढी रीत त्या वहीला लावली असती तर निम्मे वाद मिटले असते. आधी मागणाऱ्याने आपले नाव सांगावे, काम सांगावे आणि त्याची नोंद राहावी.

*

बैठकीत यावर तीन हरकती निघाल्या. त्या टाळून पुढे जाणे बरोबर नाही.

घड्याळवाले मित्र म्हणाले, चाचांचा चोर तुमच्या रीतीभातीने सापडला असता का? प्रामाणिक उत्तर असे, की वही उघडी असती तरी सापडला नसता. चोर खरा पत्ता लिहीत नाही. उघड्या वहीने आपांना दुखावले, कारण त्यांनी खरे लिहिले. आणि चाचांना ती उपयोगी पडली नसती, कारण त्याने खोटे लिहिले असते. भल्यांना उघडे पाडायचे आणि बुऱ्यांना खोटे बोलायला शिकवायचे, हा तिचा एकूण हिशेब. चाचांच्या उपयोगाची गोष्ट वेगळी होती: नाव विकतानाच खातरजमा. २०१३ पासूनच्या करारात कंपनीने ग्राहकाचा ईमेल किंवा फोन पंधरा दिवसांत तपासावा आणि तसे न झाल्यास नाव थांबवावे असे आहे. ते फार थोडे आहे. पैसे घेणाऱ्या संकेतस्थळाला आणखी कठोर नियम हवा आणि आपल्याकडे तो काही प्रमाणात आहेही. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्री करणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, मुख्य कचेरीचा पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क संकेतस्थळावरच ठळकपणे द्यायला हवा. ज्याने दुकान मांडले त्याने पाटी लावावी; ज्याने फक्त घर बांधले त्याला पाटीची सक्ती नको. चाचांनी पैसे भरण्याआधी ती पाटी शोधावी, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. त्या न सांगण्यात आमचाही वाटा आहे.

दुसरी हरकत एस.टी.वाल्यांची. ते म्हणाले, पुरावा आणा, अर्ज करा, हे सगळे वकीलवाल्यांसाठी. यात तथ्य आहे. डाबर कंपनीच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून लोकांना एजन्सी देतो म्हणून फसवल्याचे प्रकरण २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आले. प्रतिवादी कोण ते ठाऊक नसल्याने दाव्यात त्याचे नाव 'अशोक कुमार' लावले गेले. आपल्या न्यायालयांत अनोळखी माणसाला हेच नाव देतात. मोठी कंपनी अशोक कुमारला न्यायालयात खेचू शकते. चाचांचा अशोक कुमार चाचांच्या पैशांसह आजही मोकळा आहे. आयकॅनने नोव्हेंबर २०२३ मध्ये झाकलेली माहिती मागण्याची एक फुकट खिडकी उघडली, पण तीत सहभागी होणे कंपन्यांच्या मर्जीवर ठेवले आणि द्यायचे की नाही हा निर्णयही कंपनीकडेच राहिला. युरोपच्या २०२२ च्या नव्या निर्देशाने मात्र रास्त मागणीला ७२ तासांत उत्तर द्यायचे बंधन घातले. असे बंधन आपल्याकडे हवे, आणि मागणीची खिडकी सायबर पोलीस ठाण्यात मराठीत हवी. नाहीतर अमानत हा शब्द श्रीमंतांच्या सोयीचा होऊन बसेल.

तिसरी हरकत आपांची. हो, त्या परत येऊ लागल्या आहेत. त्या म्हणाल्या, तुमची खिडकी कितीही नेक असली तरी तिच्या मागे बसलेला माणूस आमच्या गावातलाच असेल. त्याला दुसऱ्या बाजूने फोन आला तर? यावर आमच्याकडे पुरते उत्तर नाही. २०२३ च्या कायद्यातली एक तरतूद आपांची भीती वाढवते: माणसाने स्वतः जाहीर केलेली किंवा कायद्याच्या बंधनामुळे जाहीर झालेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे उद्या पत्ते पुन्हा उघडे करण्याचा नियम झाला, तर पत्ता उघडा होईलच, शिवाय त्याच्यावरचे छत्रही निघेल. म्हणून उघडण्याचा हुकूम देणारा, उघडणारा आणि उघडल्याची नोंद ठेवणारा हे तिघे वेगळे असावेत, एवढेच आम्ही सुचवू शकलो. आपा म्हणाल्या, बघू.

जुनी 'कोण आहे?' वहीही आता निवृत्त झाली. २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या नावांसाठी ती चालवण्याचे बंधन उरले नाही. तिच्या जागी जी नवी रीत आली आहे, तीत कोण विचारतो आहे ते पाहून वेगवेगळे उत्तर देण्याची सोय आहे. दाराला निदान कडी बसली. ती कुणासाठी काढायची, हे मात्र यंत्र ठरवणार नाही.

आम्ही यंदा तिसरे नाव घेतले. मालकाच्या रकान्यात मंडळाचे नाव लिहिले, पत्ता वाचनालयाचा दिला आणि ईमेल असा काढला की त्याची किल्ली तिघांकडे राहील. मुदतीची तारीख वाचनालयाच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहिली. फॉर्म भरताना फोनचा रकाना आला, तेव्हा खोलीत सगळे गप्प झाले. मग चाचा म्हणाले, माझा नंबर द्या. तुमचे काय जायचे ते गेले, माझेही गेले. आता कुणाचा फोन आला तर मी आधी त्याचे नाव विचारीन.